बाद रात्र

ती म्हणते आस.
रत्नागिरीला शिकून समुद्राचा शब्द घेऊन आलेली.
आम्ही म्हणतो घर.
चार बोटांचं घर, तीन बोटांचं घर,
मासा त्यात डोकं घालतो
आणि मग त्याला मागे येता येत नाही.
आस की घर, यावर पहिल्या दिवशी आम्ही दोघी हसलो.
सुपडू हसला नाही. तो दोरी मोजत होता.

नसीबा तडवी. पालची. पंचविशीतली.
जीपमधून तराजू उतरवला,
मोजपट्टी ठोकलेली फळी उतरवली,
म्हणाली, जाळं तुमचंच राहू द्या.
फक्त अर्ध्या जाळ्याची खालची दोरी
तळापासून हातभर वर बांधू.
कासव तळानं चालतं.
चालू दे त्याला.

अर्धं जुनं, अर्धं नवं, एकाच रांगेत,
चांगदेवच्या पुढं, जिथं पूर्णा तापीला भेटते
आणि धरणाच्या फुगवट्यात
कोणतं पाणी कुणाचं ते आता सांगता येत नाही.
तीस रात्री.
दिवे लागणीला टाकायचं, पहाटे पाचला ओढायचं,
मधे हात लावायचा नाही.
रात्रीचे पैसे रात्रीला.
वही माझ्याकडे, कारण मी सातवी झाले
आणि सुपडू चौथीतूनच होडीत बसला.

जुनं: कटला चार, वाम तीन, कासव एक, मेलेलं.
नवं: कटला पाच. वाम नाही.
जुनं: मरळ दोन, वाम दोन.
नवं: मरळ एक, आणि एक पाणकावळा.
त्याला दोरी खाली काय, वर काय.

वाम पण तळानंच चालते ना भो,
सुपडू जीपच्या ड्रायव्हरला म्हणाला,
कारण नसीबाला थेट म्हणायला लाजत होता.
वाम म्हणजे मुक्ताईनगरच्या बाजारात कटल्याच्या दुप्पट.
नसीबानं ऐकलं. हे पण लिहा ताई, म्हणाली,
तोटा लिहिला नाही तर नफ्यावर कोण विश्वास ठेवील?
तेव्हापासून मी तिच्यासाठी कळण्याची एक भाकरी जास्त टाकू लागले.

पण एक गोष्ट मला उशिरा कळली:
नवं जाळं चांगलं, हे ठरायला
जुन्या जाळ्यात कुणीतरी मरावं लागतं.
आधीही मरायचीच. आम्ही मोजत नव्हतो.
सोडवायचं, फेकायचं, पाणी झाकून टाकायचं.
वहीत लिहिलं की झाकत नाही.

एकोणिसावी रात्र. सुपडू झोपलेला.
मासा अडकला की बोया थरथरतो.
कासव अडकलं की बोया बसतो, उठतो, बसतो,
जड माणूस बाजेवर कूस बदलतो तसा.
चांदणं होतं. मी काठावरून बघत होते.
जुन्याकडचा तिसरा बोया.

पाण्यातला जीव पाण्यात बुडून मरतो
हे लहानपणी मला खोटं वाटायचं.

दोन वाजले असतील. पाचला तीन तास.
मी भाकरीचं फडकं घडी केलं, परत उलगडलं.
मग होडी ढकलली.

परातीएवढं. मऊ पाठीचं.
कातरीनं घर कापलं, चार घरं, पाच घरं,
त्यानं मान लांब केली आणि माझा अंगठा चावला.
बरं झालं. चावणारं जिवंत असतं.

सकाळी लिहिलं:
जुनं, कासव एक, रात्री दोनला काढलं, जिवंत.
नियम मोडला. मी मोडला. सुपडूनं नाही.

नसीबानं वाचलं. अंगठ्याची पट्टी बघितली.
बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिली.
ही रात्र बाद करावी लागेल ताई, म्हणाली,
आणि पानावर तिरपी रेघ ओढली,
खालच्या कोपऱ्यापासून जराशी वर, अशी,
की कासवाची ओळ रेघेखालीच राहिली.

सुपडूनं पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलून घेतलं:
रात्र बाद, तर पैसे पण बाद का?

नाही, म्हणाली. एक रात्र वाढवू. एकतिसावी.

मग तो उठला, कापलेली पाच घरं विणायला बसला
आणि मला म्हणाला, दोरा इकडे दे.
जुन्याच मापाची विणली. मापाला बोट लावलं नाही.
मी दोरा धरून बसले,
अंगठा ठणकत होता.